भिंतीतला पिवळा माणूस

मी हे लिहिणारच नव्हतो. दोनदा फोनवर टाइप केलं, दोनदा पुसलं. एकदा एक गोष्ट लोकांसमोर ठेवून मी काय करून बसलोय ते माहीत असताना दुसरी ठेवायची हिंमत होत नव्हती. आज घियासला विचारलं. "लिही," म्हणाला, माझ्याकडे न बघता. लोकांची नावं बदललीत, घराच्या खुणाही बदलल्यात. हे मला आधी सुचायला हवं होतं. माझं नाव तेवढं खरं आहे.

मी उबैदा, सीमेपलीकडच्या दरआचा. पाच वर्षं झाली, रमसात राहतो. जॉर्डनच्या हद्दीतलं शेवटचं गाव. गच्चीवर उभं राहिलं की पलीकडे आमचं सगळं दिसतं, फक्त जाता येत नाही. चित्रकला मी कुठे शिकलो नाही. दुकानांच्या पाट्या रंगवायचो. त्या बघून डॉक्टर लुमांनी मला आमच्यासारख्या निर्वासितांच्या केंद्रात मदतनीस म्हणून घेतलं.

केंद्रात चित्रांतून उपचार चालायचे. आठवड्यातून दोनदा बारा-चौदा जण बसायचे, कागद आणि खडू घेऊन. बोलायची सक्ती नाही. अशा बसण्यानं माणसाला झोप लागते का, घाबरणं कमी होतं का, याचा डॉक्टर अभ्यास करत होत्या. माझं काम रंग मांडायचं, चहा द्यायचा, कागदावर तारीख घालायची, सगळं पत्र्याच्या कपाटात ठेवून कुलूप लावायचं. आणि फॉर्म भरून घ्यायचे.

फॉर्मवर तीन चौकोन होते. चित्राचा फोटो काढू का? अभ्यासात वापरू का? लोकांसमोर लावू का? डॉक्टरांचा नियम होता, सही पहिल्या दिवशी घ्यायची, पण चौकोनांबद्दल चित्र काढून झाल्यावर विचारायचं, एकेक करून. "आपण काय काढणार आहोत हे माणसाला पहिल्या दिवशी कुठे माहीत असतं?" असं त्या म्हणायच्या.

आमचे लोक सही कशावरही करतात. रेशनसाठी सही, शाळेसाठी सही, ब्लँकेटसाठी सही. फॉर्म पुढे केला की वाचत नाहीत, विचारतात, "कुठे करू?"

घियासनंही तसंच विचारलं होतं. तो माझा मित्र, टायरच्या दुकानात कामाला. रात्रभर झोपायचा नाही. मीच त्याला ओढून आणला.

"खडूनं खेळायला मी काय शेंबडा पोर आहे?" म्हणाला.

"तू ये तर. चहा फुकट आहे."

"तुझा चहा? त्यापेक्षा टायर धुतलेलं पाणी बरं."

तीन आठवडे त्यानं नुसता कागद काळा केला. चौथ्या आठवड्यात घर काढलं. गावाकडचं काळ्या दगडाचं, एकेक दगड वेगळा. बाजूला दोन निलगिरी. गच्चीवर निळी टाकी, तिच्यावर वाकडा चंद्र. अंगणाच्या कडेला भुशाची खोली, आणि त्या खोलीच्या मागच्या भिंतीच्या आत, दगडांच्या मधोमध, उभा एक पिवळा माणूस.

डॉक्टर खूप वेळ बघत राहिल्या. "याच्याबद्दल काही सांगावंसं वाटतं?"

"नाही."

"बरं. फार सुंदर काढलंयस, घियास."

तो लगेच उठला, छातीवर हात ठेवला. "आवडलं? मग तुमचंच आहे, डॉक्टर. घ्या."

आमच्यात हे असंच असतं. कुणाच्या शालीचं कौतुक केलं की तो ती खांद्यावरून काढतो, 'तुमचीच' म्हणतो. आपण म्हणायचं, 'तुझ्याच अंगावर शोभते.' संपलं. कुणी खरंच घेत नाही. माझ्या एका मामानं एकदा खरंच घड्याळ घेतलं होतं. त्याला अजून लग्नाला बोलवत नाहीत.

डॉक्टर अम्मानच्या असल्या तरी हे त्यांनाही कळतं. "नाही नाही, तुझंच आहे," त्या म्हणाल्या. निघताना मला बाजूला घेतलं. "त्याला नीट विचार, उबैदा. तीनही चौकोन. आज नको, दोन दिवसांनी विचार. गुरुवारी मला प्रदर्शनासाठी सगळं पाठवायचंय."

डॉक्टरांच्या अभ्यासाच्या लिखाणात खाली माझं नाव येणार होतं. मी त्यांच्या संगणकावर बघितलं होतं ते. तोवर माझं नाव रेशनकार्डाशिवाय कुठेही छापलेलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी फॉर्म समोर घेऊन बसलो. टायरचं दुकान दहा मिनिटांवर. गेलो नाही. म्हटलं, सगळ्यांसमोर 'घ्या' म्हणालाय की. पेन उचललं, तीन खुणा केल्या. स्वतःला नंतर सांगत राहिलो की कामात होतो म्हणून राहून गेलं. काम कसलं? घियास नाही म्हणेल हे मला माहीत होतं, म्हणून गेलो नाही.

डॉक्टरांचा फोन आला. "विचारलंस?"

"हो."

"नीट?"

"हो, डॉक्टर."

चित्र अम्मानला एका सभागृहात लागलं, केंद्राच्या पानावर फोटो आला. नाव नाही, गाव नाही. नुसतं 'हौरानमधला तरुण', म्हणजे आमच्या अख्ख्या मुलखातला कुणीही. खाली तीन ओळी: भिंतीतली पिवळी आकृती म्हणजे स्वतःच्या दुःखात कोंडलेला तो स्वतः. त्या ओळींवर मी आणि डॉक्टर अर्धा तास बोललो होतो. मला त्या फार आवडल्या होत्या.

आठ दिवसांनी, भर दुपारी, घियास केंद्रात आला. हाताला ग्रीस, हातात फोन. त्यानं तो माझ्यासमोर धरला.

त्यांच्या गावाचं फेसबुकवर पान आहे. जर्मनीपासून इथल्या इर्बिदपर्यंत पांगलेले सगळे त्यावर असतात. कुणीतरी आमचं चित्र तिथे टाकलं होतं.

'अरे, हे तर अबू घियासचं घर! निलगिरीसकट! रडवलंत राव.'

'टाकीवरचा चंद्र बघा. घियासच्या म्हाताऱ्यानं स्वतः रंगवलेला. केळं वाटायचं.'

'भुशाच्या खोलीत भिंतीत कोण उभाय पण?'

'सासू आली असणार. लपलाय बिचारा.'

त्या शेवटच्यावर एक्केचाळीस जण हसले होते.

"हे तिथे कसं गेलं?" घियासनं विचारलं.

आणि मी म्हणालो. खरंच म्हणालो. "तूच 'घ्या' म्हणाला होतास ना."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तू कुठला रे, उबैदा? स्वीडनचा?"

मी फोनवरचं चित्र बघायला लागलो.

"तो मी नाहीये," तो म्हणाला. "भिंतीतला. तो तैम आहे."

तैम त्याचा धाकटा भाऊ. तो तुर्कस्तानात आहे असं सगळ्यांना माहीत होतं. मी स्वतः कितीदा विचारलंय, "तैमचा फोन?" आणि घियासनं "मजेत आहे, जाड झालाय" म्हणून सांगितलंय. तैम लष्करातून पळाला होता. चौदा महिने तो त्या खोलीत, दगडाच्या खोट्या भिंतीमागे राहत होता. तिकडेच राहिलेली घियासची आत्या भुसा काढायच्या निमित्तानं रोटी न्यायची. घियास, त्याची आई आणि आत्या, एवढ्यांनाच माहीत. आणि हे ओझं कुठेतरी टाकावं म्हणून त्यानं ते एका कागदावर टाकलं, जो कुलपात राहणार असं मी त्याला सांगितलं होतं.

डॉक्टर अम्मानला वर्गात शिकवत होत्या. सहाव्यांदा फोन केल्यावर उचलला. दहा मिनिटांत केंद्राचं पान साफ झालं, सभागृहातलं चित्र उतरलं. पण गावाच्या पानाचं काय? ते चालवणारा जर्मनीत गोदामात कामाला, फोन बंद.

घियासनं लिहिलं, 'हे काढा.'

'का रे? किती छान आहे.'

का ते सांगता येत नव्हतं. का ते सांगणं म्हणजे तैमचा पत्ता देणं. मी लिहिलं, 'चित्र माझं आहे, न विचारता टाकलंय.' त्यावर भांडणं सुरू झाली. कुणी म्हणे, 'गावाचं घर, तुझं कसलं?' कुणी म्हणे, 'चित्रकाराला मान द्या.' जितकं भांडण वाढेल तितकं ते चित्र वर वर यायला लागलं. आम्ही दोघं त्याला खाली ढकलायला गेलो आणि आम्हीच ते वर चढवत होतो. हे लक्षात आलं तेव्हा घियासनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

'भिंतीतल्या पाहुण्यामुळे काढायचंय का?' कुणीतरी लिहिलं. ओळखीचं नाव नव्हतं.

पाच वाजता चित्र निघालं. तोवर एकोणीस जणांनी पुढे पाठवलं होतं.

आत्याचा फोन लागेना. तिकडे टॉवर बंद. दुसऱ्या दिवशीही नाही. घियास दुकानात टायर काढायचा, फोन बघायचा, तोच टायर परत बसवायचा. मालक ओरडला, त्याला ऐकू आलं नाही. मी बाजूला उभा. पाणी दिलं तर घेतलं नाही.

काल, मंगळवारी, आत्याचाच फोन आला. घियासनं स्पीकर लावला, हात काळे होते म्हणून.

"चार जण आले होते, बाळा. घरात शिरले नाहीत. काही विचारलं नाही. सरळ भुशाच्या खोलीत गेले."

"सरळ?"

"सरळ. पहार घेऊनच आले होते. त्याला घेऊन गेले." मग तिनं फोन ठेवला.

आज सकाळी डॉक्टर अम्मानहून आल्या. दुकानाच्या मागे एका टायरवर बसल्या, चेहरा उतरलेला. "कुणी शेजाऱ्यानंही सांगितलं असेल, घियास. चित्रामुळेच झालं असं सिद्ध..."

"सिद्ध तुम्हाला करायचं असतं, डॉक्टर. मला नाही."

 डॉक्टरांनी पिशवीतून फॉर्म काढला. "या तीन खुणा तू केल्यास?"

घियासनं फॉर्म बघितला. मग मला.

"मी केल्या," मी म्हणालो.

"तू मला म्हणालास, विचारलं म्हणून."

"खोटं बोललो."

डॉक्टरांनी फॉर्म परत घडी करून ठेवला. अभ्यास थांबवते, अभ्यासाला परवानगी देणाऱ्या समितीला सगळं कळवते, म्हणाल्या. "मीही त्याला एक फोन करून विचारायला हवं होतं. एक फोन." ज्यांच्याकडे कैद्यांबद्दल चौकशी करता येते अशी दोन-तीन नावं त्यांनी लिहून दिली. त्यांच्याही डोळ्यांत फारशी आशा दिसली नाही.

त्या गेल्यावर मला वाटलं, आता घियास मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो हात पुसत बसला, बराच वेळ, फडक्याला काळं लागायचं थांबल्यावरही.

"आईला अजून सांगितलं नाही," म्हणाला.

दर शुक्रवारी तैम आईशी बोलायचा. आत्या भुशातून फोन आत द्यायची. अर्धं मिनिट, तेवढंच. मावशी, म्हणजे घियासची आई, सकाळपासून फोन मांडीवर घेऊन बसते, हे मी पाहिलंय. मला वाटायचं तुर्कस्तानचा फोन आहे.

"परवा ती बसेल," घियास म्हणाला. "मी सांगायला दोनदा गेलो. तोंडच उघडत नाही. आणि सांगितलं तर ती विचारणार, कुणी केलं. तुझं नाव घेतलं तर मलाच खोटं ठरवेल. तुला पोराआधी वाढते ती."

"मग?"

"मग तू सांग. मी बाजूला बसेन. एक शब्द बोलणार नाही, ना तुझ्या बाजूनं, ना विरुद्ध."

 मी विचारणार होतो, डॉक्टरांना घेऊन येऊ का? विचारलं नाही.

"उद्या येतो," मी म्हणालो. "दुपारच्या नमाजानंतर. ती जेवायला बस म्हणेल, मी बसणार नाही. आधी सांगेन. घियासला न विचारता ते चित्र मी दिलं, मावशी, मीच दिलं, असं सांगेन. आणि ती जोवर 'जा' म्हणत नाही तोवर उठणार नाही, घियास. वचन देतो तुला."