जाते म्हणू नये

केसांचा आकडा. काळा, एका टोकाचं टोपण उडालेला, चाळणीतल्या पिठावर आडवा पडलेला. सरजाबाईनं चाळणी हलवायची थांबवली. मेसच्या पिठात आकडा म्हणजे आफतच की. एखाद्या पोरीच्या ताटात गेला असता तर फोटो निघाला असता, फोटो बापाच्या मोबाइलवर गेला असता, आणि बाप देगलूरहून थेट भांडायला उभा राहिला असता, कारण लातूरच्या ट्यूशन एरियातल्या बापांना लेकरू डॉक्टर होईस्तोवर दुसरं कामच नसतं. टाकून द्यावा... पण दोन्ही हात पिठाचे होते, म्हणून तिनं तो आधी ओठांत धरला. तिथंच चुकलं. ओठांना ती चव ओळखीची होती. लोखंडाची, खोबरेल तेलाची.

"ऐकलंस का सरजाक्का," पलीकडे भाकरी थापणारी गंगम्मा म्हणाली. ती निलंग्याकडची, तिची भाकरी आणि तिचं तोंड दोन्ही एका चालीत चालायची. "ती टीव्हीतली सासू गेली की गं. माया लातूरकर. अय्यय्यो, काय खाष्ट होती! सुनेला अशी छळायची, मी इथं बसून तिला शिव्या मोजायची. आता लई वाईट वाटायलंय बघ."

"हं," सरजाबाई म्हणाली. ओठांत आकडा असला की एवढंच बोलता येतं.

"आईबाप भूकंपातच गेले म्हणं तिचे. एका अर्थी बरं झालं बाई. मायनं लेकीचं मरण तरी बघितलं न्हाई."

"हं."

सरजाबाई पीठ चाळत राहिली. बघितलं की, गंगम्मा, बघितलं... परवा हॉस्टेलच्या टीव्हीवर, बातम्यांच्या खालच्या पट्टीत, पोरींना वरण वाढता वाढता. पट्टी सरकून गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. आणि एक पोरगी म्हणाली, मावशी, वरण सांडतंय. तोवर मुंबईत सगळं उरकलंही होतं. मायला कळवायचं तर ती माय असावी लागते ना कुठंतरी! महामाया व्यंकटी कांबळेची माय सरजाबाई मेसमध्ये उभी होती, पण माया लातूरकरची माय कधीच मरून गेली होती, सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं ते.

आज संध्याकाळी क्लासच्या हॉलमध्ये तिची शोकसभा होती. तिथल्या चहाचं काम मेसकडेच होतं. गंगम्मा सकाळपासून विचारत होती, तू येणार का मी एकटीच जाऊ? आणि सरजाबाई सकाळपासून उठत होती, बसत होती, धुतलेलं पातेलं पुन्हा धूत होती.

खूप वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळीही अशीच घाई होती. गणपती बुडायचा दिवस, औशात मंडळाचा रेकॉर्ड डान्स, वेशीबाहेर नाचाच्या पार्टीची जीप हॉर्न मारत उभी, आणि कुडाच्या घरात चिमणीच्या उजेडात ती महामायाचा अंबाडा घालत होती. पोरीचे केस म्हणजे घोड्याचं शेपूट. अंबाड्यात मावायचेच नाहीत. सगळे आकडे ओठांत धरलेले, एकेक काढून खुपसायचा, आणि पोरगी बसल्या जागी पाय आपटून ताल धरतेय... हलू नको गं बाई, हलू नको! हे सगळं नुसतं मनात, कारण तोंड आकड्यांनी भरलेलं. शेवटचे आकडे राहिलेच, महामाया उठली, दारात गेली आणि म्हणाली, "माय, जाते गं."

जाते म्हणू नये. घरातून निघताना येते म्हणावं. पाळण्यातल्या पोरीला शिकवतात ते. सरजाबाईनं आकडे थुंकले, धावत बाहेर आली, म्हणाली, येते म्हण की गं भवाने — पण जीपचा धूरच राहिला होता.

आणि पहाटे जमीन हलली. गावातली दगडामातीची माळवदं बसली, ज्यांच्या ओट्यावर आम्हाला कधी टेकता आलं नाही ती भारी घरं माणसांना पोटात घेऊन बसली, आणि गावाबाहेरच्या आमच्या कुडाला काही झालं नाही. एक मडकं फुटलं. व्यंकटी ढिगाऱ्यांवरून दगड उचलून उचलून हाताची सालपटं घेऊन आला. जमीन मग रोज हलायची. महामाया औशातच होती, धडधाकट. ती पार्टीबरोबर पुण्याला निघाली, म्हणाली, मुखेडात येऊन मी काय नाचू, म्हशींपुढं? आम्ही मुखेडला गेलो, माझ्या माहेरी.

गेलो. एवढंच झालं होतं.

कितीतरी वर्षांनी ती टीव्हीवर नाचली. मुखेडात शेजारच्यांकडे अख्खी गल्ली जमलेली. नाच झाला, आणि माईक घेतलेल्या माणसानं विचारलं, लातूरची का तू? मग... आईवडील? महामाया म्हणाली, "भूकंपानंतर गेले." सगळा हॉल उभा राहिला. कोणी डोळे पुसले. सरजाबाईलाही हुंदका आला — अगं बाई, बिचारी, एवढीशी पोर, आणि माय नाही... आणि मग तिला कळलं की ती माय म्हणजे आपणच. पदर तोंडातच राहिला. व्यंकटी आधी खो खो हसला, "मेलो की गं आपण!" म्हणाला, शेजाऱ्यांना टाळी दिली, आणि रात्री ताटावर बसून न जेवता उठला.

फोनवर महामायाही हसतच होती. "माय, मी म्हणणारच होते, गेले मुखेडला म्हणून. मुखेड तोंडातून निघायच्या आत त्यांनी टाळ्याच वाजवल्या. पुढच्या वेळी सांगते ना." पुढच्या वेळेपर्यंत ती भूकंपकन्या झाली होती. पेपरात तेच, पोस्टरवर तेच. एकदा सरजाबाई भडकून म्हणाली, "असू दे, तुझं चाललंय न्हवं? मग मी मेलेलीच बरी." रागानं म्हणाली होती हो! रागातलं बोलणं कुणी खरं धरतं का? पण पलीकडून बारीक आवाज आला, "बरं माय."

पुढं व्यंकटी खरंच गेला. तेव्हा ती फोनवर नुसती रडली आणि म्हणाली, "येते माय." कधी नव्हे ते बरोबर म्हणाली. आणि आली नाही. भूकंपात मेलेल्या बापाच्या मयतीला लेक कोणत्या तोंडानं येणार? त्या दिवशी सरजाबाईला तिचा इतका राग आला, इतका, की ती मुखेड सोडून लातूरला आली ती कुणाची आई म्हणून नाही, भाकऱ्या थापायला. त्याच क्लासच्या गॅदरिंगला महामाया एकदा पाहुणी म्हणून आली होती. स्टेजवर. खाली सरजाबाई पुलाव वाढत होती. महामायानं वरून पाहिलं, आणि भाषण चालू असताना एक हात मागं नेऊन अंबाडा चाचपला, जसा राहिलेला आकडा शोधतात तसा. बस. तेवढ्यावर सरजाबाईनं पुढची सगळी वर्षं काढली.

कोथिंबिरीचं निमित्त काढून ती बाहेर पडली. गल्लीत टॉपर पोरांचे फ्लेक्स ओळीनं, आणि त्याच ओळीत आज महामाया, असली हसतेय की तिलाही चांगले मार्क पडलेत असं वाटावं. नावाआधी ‘कै.’ लावलेलं. व्यंकटी असता तर तिथंच भांडला असता, आपल्या बौद्धांतलं कोण कैलासाला गेलंय रे, कालकथित लिहा म्हणून. सरजाबाईनं नावाकडे फार पाहिलं नाही. ती अंबाडा बघत होती. तो नीट घातलेला नव्हता. परक्या बाईनं घातला की असाच बसतो. कोथिंबीर न घेताच ती परत आली.

दुपारच्या पंगती उठल्यावर अलीझा कागद घेऊन आली. हॉस्टेलमधली उदगीरची पोर, तिचं मराठी खणखणीत, म्हणून शोकसभेत परिचय वाचायचं काम क्लासच्या सरांनी तिलाच दिलेलं. सरजाबाई पुन्हा पीठ चाळायला बसली होती, आणि तो आकडा, टाकून न दिलेला, पुन्हा ओठांत होता.

"मावशी, तुम्ही भूकंपाच्या वेळी औशाकडंच होता ना? मग ऐका, चुकलं तर सांगा. ‘भूकंपात त्यांचे आईवडील गेले...’"

सरजाबाईनं आकडा काढून हातात घेतला. "भूकंपात नको. भूकंपानंतर लिही."

"नंतर? दवाखान्यात का?"

"नंतर गेले. तेवढंच लिही."

अलीझानं खोडलं, लिहिलं. "आणि गेले साधंच वाटतंय ना मावशी? सर म्हणतात, भाषण जड पाहिजे. मृत्युमुखी पडले करू?"

"न्हाई!"

गंगम्माचा हात परातीतच थांबला. सरजाबाईला स्वतःचाच आवाज नवा वाटला. "न्हाई गं लेकरा," ती हळू म्हणाली. "गेलेच असू दे. तिचा शब्द हाय तो."

अलीझा बघत राहिली. हुशार पोर, अशा पोरींना एका ओळीत काय कमी आहे ते लगेच दिसतं. "मावशी... तुम्ही ओळखत होता का त्यांना?"

हं म्हटलं असतं तर भागलं असतं. ना हो, ना नाही. हाव म्हटलं तर महामाया खोटी ठरणार, आजच्या दिवशी, भर हॉलात, टॉपर पोरांच्या आईबापांसमोर. आणि न्हाई म्हटलं तर मी कायमची मेले, आता तर मला जिवंत म्हणून ओळखणारं फोनवरही कोणी उरलं नाही... सरजाबाईचा हात आपोआप वर गेला, ओठांपर्यंत आला. खालून पोरींनी हाक मारली, अलीझा, चल, टेस्ट सुरू होईल! अलीझानं कागद दुमडला, दारात चपला सरकवल्या.

"जाते, मावशी."

"येते म्हण."

"काय?"

"जाते म्हणू नये. येते म्हणावं." सरजाबाईचा आवाज चिरकला, तिला त्याचं काही वाटलं नाही. "म्हण."

पोर गोंधळली, हसली. "येते, मावशी," म्हणाली, आणि जिन्यावरून धडधडत उतरली.

"सरजाक्का," गंगम्मा दबकत म्हणाली, "चहाला तू येणार का मी एकटीच जाऊ? आणि रडायलीस का गं?"

सरजाबाईनं पदरानं हात पुसले. आकडा स्वतःच्या विरळ अंबाड्यात खोचला, दाबून, नीट बसेपर्यंत. जिन्यावरचा पायरव विरत गेला तरी ती ऐकत राहिली. अलीझाच्या प्रश्नाचं उत्तर अजून तिच्या तोंडातच होतं, आणि तिथं आता आकडा नव्हता.