रविवारी झोपवलेला टॉवर

भाग्यश्री वानखडेचा राग साऱ्या ऑफिसला ठाऊक होता. अमरावतीची मुलगी, सहा वर्षं पुण्यात काढून टोमणे मारायला छान शिकली होती, पण डोकं तापलं की जिभेवर वऱ्हाड उतरायचं. त्या सोमवारी सकाळी साडेदहालाच ती साहेबाच्या टेबलासमोर उभी राहून विचारत होती, "काहून? मी काहून सही करू यावर?"

कागद चार ओळींचा. मोबाइल कंपनीचं ग्राहकाला उत्तर. 'तक्रारीत नमूद केलेल्या रविवारी मार्केट यार्ड परिसरातील नेटवर्क सुरळीत होते. आपला हँडसेट सकाळी ७.४० नंतर बंद असल्याचे आढळते.' खाली सहीला तिचं नाव, कारण त्या भागातले टॉवर तिच्याकडे होते.

"अगं, डेटा तेच सांगतोय ना?" रणजित पोकळे, तिचा मॅनेजर, स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाला. "टॉवर अप होता, त्याचा फोन ऑफ होता. साइन कर, तिकीट क्लोज कर. तो माणूस नऊपासून रिसेप्शनच्या सोफ्यावर बसलाय, हलायला तयार नाही."

"सोफा बसायलाच असतो, सर," म्हणत ती खाली गेली. न विचारता सही करायची तिला सवय नव्हती.

सोफ्याच्या अगदी कडेला, तो मळेल या भीतीने, दत्तोबा बसला होता. साठीला टेकलेला, मार्केट यार्डातल्या भाजी विभागात हमालांच्या टोळीचा मुकादम. टोळीत चौदा जण. पाठीवर पोतं असताना खिशातला फोन घामाने तरी जातो नाहीतर पडून फुटतो, म्हणून चौदाही जण फोन घरी बायकोपाशी ठेवून येतात. यार्डात टोळीचा फोन एकच, मुकादमाचा. चौदा घरांच्या भिंतींवर तोच नंबर खडूने लिहिलेला. कुणाचं पोर पडलं, कुणाच्या घरी पाहुणे आले, फोन मुकादमाला येतो आणि मुकादम पळत जाऊन सांगतो. मुकादमाने दुसरं काही केलं नाही तरी चालेल, फोन चालू पाहिजे.

"रातभर चार्जिंगला व्हता, ताई," दत्तोबा म्हणाला. "चारला घरनं निघालो तवा शंभर टक्के. साडेसात-पावणेआठला गचकला. आन् हे रविवारीच व्हतंय, दोन म्हयनं झालं. बाकीच्या दिवशी सांजपतुर टिकतो. रविवारी तर आमचा मोठा बाजार. सुट्टी आमाला शनवारी."

मग त्याने त्या रविवारचं सांगितलं. टोळीतल्या उत्तरेश्वरचा बाप बार्शीकडच्या गावी शेवटच्या घटका मोजत होता. पावणेआठला गावाहून उत्तरेश्वरच्या धायरीच्या खोलीवर फोन आला. म्हातारा पोराचं नाव घेतोय, त्याच्या कानाला फोन लावतो, दोन शब्द बोलू द्या म्हणून. उत्तरेश्वरची बायको मुक्ताई हिने मुकादमाला एकवीस वेळा फोन लावला. शेवटी पोर काखोटीला मारून दोन बस बदलत यार्डात आली, तोवर सव्वादहा झाले होते. म्हातारा दहाला गेला.

"उत्तरेश्वर तेरावं उरकून आलाय. मला शिवीबी देत न्हाई, निस्ता बघतो. टोळी म्हणती, मुकादमानं फोन बंद करून ताणून दिली आसंल. उद्या दुसरा मुकादम नेमायचा म्हणत्यात. नेमू द्या. पर म्या फोन बंद केला न्हवता, ताई. तेवढं कागदावर लिहून द्या."

भाग्यश्री जिने चढून वर आली तेव्हा तिचे कान तापले होते. दोन महिने, आणि फक्त रविवार. दोन महिन्यांपूर्वीच कंपनीने गाजावाजा करून 'हरित रविवार' सुरू केला होता. ज्या भागात सुट्टीच्या दिवशी फोन कमी वापरले जातात, तिथले टॉवर त्या दिवशी, मग तो रविवार नसला तरी, पहाटे चार ते दुपारी बारा झोपवून ठेवायचे. कल्पना वाईट नव्हती. रिकाम्या वर्गात पंखे कशाला फिरवायचे? आणि झोपलेला टॉवर कंपनीच्या हिशेबात बंद धरत नाहीत. हजेरी लावून टेबलावर डोकं टेकणाऱ्याला कामावरच धरतात, त्यातलाच प्रकार. म्हणून अहवालात सगळं हिरवंगार दिसत होतं.

तिने झोपलेल्या टॉवरच्या पलीकडच्या, यार्डापासून लांबच्या टॉवरचे आकडे उघडले आणि शिवी हासडली. पहाटे पाचपासून यार्डातले हजारो फोन त्या एका लांबच्या टॉवरला हाका मारत होते. टॉवर जवळ असला की फोन कुजबुजतो, त्याला वीज नखाएवढी लागते. टॉवर लांब गेला की फोन बेंबीच्या देठापासून ओरडतो. पंगतीत एकाने आवाज चढवला की शेजारचा चढवतो, मग कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही आणि सगळे अजून मोठ्याने ओरडतात. तसंच चाललं होतं. प्रत्येक फोन आपली शेवटची ताकद लावत होता, एकमेकांच्या लहरींत लहरी मिसळत होत्या, कॉल तुटत होते, पुन्हा लागत होते. दत्तोबाचा जुना फोन तीन तासांत रिकामा झाला यात नवल ते काय! कंपनीने टॉवरची वीज वाचवली आणि ती हमाल-तोलणारांच्या खिशातून वसूल केली. वर त्यांनाच पत्र, की तुमचा फोन बंद होता. हलकटपणाला काही सीमा?

ती रणजितच्या टेबलावर हात आपटूनच बोलली. "मार्केट यार्डला शनिवारी सुट्टी असते! रविवारी पुण्याचा सगळ्यात मोठा बाजार! धायरीच्या पोकळ्यांना हे माहीत नसावं? तुमच्या घरची काकडी गेली असेल की तिथे!" तासाभरापूर्वी कळलेली गोष्ट ती जन्मापासून माहीत असल्यासारखी सुनावत होती.

रणजितने खुर्ची मागे सरकवली. "माहीत आहे की. आजोबांबरोबर जायचो मी, टेम्पोत बसून. गर्दी दिसली की टॉवर आपोआप उठायची सेटिंग होती, ती मी काढायला लावली. सेव्हिंग दिसत नव्हतं, वरून प्रेशर होतं. माझी चूक, मान्य. पण कुठल्या टॉवरला कुठला दिवस सुट्टीचा, ते मी नाही टाकलं. लॉग उघड. बघ कोणी टाकलंय."

तिने लॉग उघडला. नोंदीपुढे तिचंच नाव होतं.

दोन महिन्यांपूर्वीचा तो शुक्रवार तिला आठवला. दोनशे बारा टॉवर, प्रत्येकाचा आठवडा वेगळा भरायचा होता. तिने हिंजवडीच्या आयटी पार्कचा आठवडा घेतला, कॉपी केला आणि दोनशे बारा जागी चिकटवला. ऑफिसला रविवारी सुट्टी म्हणजे जगाला सुट्टी. पाच मिनिटांत काम झालं म्हणून स्वतःवर खूशही झाली होती. सहा वर्षं या शहरात ती भाजी खात होती, पण ॲपवरून मागवून. ती भाजी रविवारी पहाटे कुणाच्या पाठीवरून उतरते हे तिने कधी विचारलं नव्हतं. सगळ्या ऑफिसवर खेकसायचा हक्क असल्यासारखी वागणारी बाई, आणि माती तिनेच खाल्ली होती. स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं तिला.

"म्हणून म्हणतोय, साइन कर," रणजित हळूच म्हणाला. "तुझंही निभावेल, माझंही. कॅलेंडर गुपचूप बदलून टाकू."

"कॅलेंडर बदललं मी आत्ताच," ती म्हणाली. चार ओळींचा कागद तिने उभा फाडला आणि कोऱ्या कागदावर हाताने लिहायला बसली. टॉवर झोपवलेला होता, त्यामुळे परिसरातल्या फोनच्या बॅटऱ्या लवकर संपल्या, दत्तोबांनी फोन बंद केलेला नव्हता. खाली सही आणि पूर्ण नाव. रणजितने डोक्याला हात लावला, पण अडवलं नाही.

दत्तोबाने कागद घेतला, उलटसुलट केला. "कागद ऱ्हाऊ द्या. टोळीत वाचणारं एकच हाय, आन् ते माझ्यावरच डाफरतंय. तुमी चला."

यार्डात पोचेपर्यंत दीड वाजला. गाळ्यामागच्या सावलीत टोळी भाकरी खात होती. दत्तोबा जरा लांबच उभा राहिला. भाग्यश्रीने उभ्यानेच सगळं सांगितलं, तिच्या बोटांनी झालेल्या चुकीसकट. कोणी घास थांबवला नाही. बोडख्या डोक्यावर नुकतेच खुंट आलेला उत्तरेश्वर तेवढा ऐकत होता.

"किती वाचली वीज?" त्याने विचारलं.

आकडा तिला पाठ होता. "त्या सकाळी, या टॉवरवर, नऊ युनिट."

"नऊ." त्याने मान हलवली. "आमच्या खोलीला चार दिस पुरल."

"माझं चुकलं, दादा. माफ करा."

"माफी द्यायला बाप पायजे व्हता," उत्तरेश्वर म्हणाला आणि सरकून त्याने शेजारी जागा केली. "मुकादम, तिकडं काय उभं ऱ्हायलाय? बसा, भाकरी खावा." दत्तोबा येऊन बसला. तो उपरण्याने नुसतं तोंड पुसत राहिला.

उत्तरेश्वरने हात धुतले आणि दत्तोबाचा फोन मागून घेतला. "तुमचा नंबर सांगा, बाई."

"माझा?"

"घरच्यांनी आता भितीवर त्योबी लिवायचा. मुकादमाचा लागला न्हाई तर तुमाला लावत्याल. मग तुमी पळत येऊन सांगायचं, हे मुकादम सांगत्यात तसं."

चौदा माणसं तिच्याकडे बघत होती. राग काढायला आता तिच्यापाशी दुसरं कोणी उरलं नव्हतं. तिने एकेक आकडा सांगितला आणि वाचता येणाऱ्या पोरगेल्या हमालाने तो मोठ्याने म्हणून बाकीच्यांकडून घोकून घेतला. उत्तरेश्वरने बटण दाबलं. तिच्या पर्समधला फोन वाजला.

"वाजतोय," तो म्हणाला आणि कॉल तोडला. "रविवारी पाटं चारपासनं चालू ठिवा."