जावयाचा हात

गेल्या वर्षभरात मला जेवढा मलेरिया झाला, तेवढा मसाका जिल्ह्यातल्या सगळ्या डासांनाही परवडला नसता. अंगात त्राण नाही? मलेरिया. दोन घासांत पोट टम्म? मलेरिया. डाव्या बरगडीखाली धोंड्यासारखं काहीतरी वाढतंय? मलेरियानं पानथरी फुगते, घ्या गोळ्या. आमच्या दवाखान्यातला लुबोवा मोठा हुशार; त्याला एकच रोग येतो, पण अगदी पक्का येतो.

आणि माझा जावई कोण, तर डॉक्टर मुकालाझी! राजधानीत, कंपालात, रक्ताच्या रोगांचा तज्ज्ञ. लोक कुठून कुठून त्याच्याकडे येतात. मी तेवढी जायचं नाही, कारण मी सासू. आम्हा बागांडा लोकांत जावयानं सासूला शिवायचं नाही, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. शिवलं तर अंग थरथरण्याचा रोग जडतो म्हणे. मलेरिया चालेल, थरथर नको.

तो घरी यायचा तेव्हा अंगणात बसायचा. मी दाराआड, आणि मधे माझी लेक बाबिऱ्ये.

"आईंना विचार, तब्येत कशी आहे?"

"सांग त्यांना, पोटात डावीकडे धोंडा बसलाय."

आता नवऱ्यासमोर आईच्या पोटाचं काय बोलायचं! पोरगी लाजायची. "बरी आहे म्हणते," असं सांगायची. "छान," म्हणून जावईबापू उकडलेल्या केळ्यांचे मटोके चापायचे आणि गाडीत बसायचे. दार काही लोखंडाचं नव्हतं, पण मर्यादा म्हणजे मर्यादा.

शेवटी न्यूमोनियानं मला आडवं केलं आणि कंपालाला नेलं. रक्त तपासायला गेलं ते जावयाकडेच. सासूकडे बघायचं नाही, पण तिचं रक्त मायक्रोस्कोपखाली ठेवून दुपारभर बघितलं तर चालतं बरं का! वॉर्डात आला तो भिंतीकडे तोंड करून.

"बाबिऱ्ये, आईंच्या रक्तातल्या काही पेशींना बारीक केस आहेत. रक्ताचा कॅन्सर असावा, फार क्वचित होणारा. खात्रीसाठी कमरेच्या हाडातला मगज काढायला हवा."

वा! डोक्यावरचे गळाले आणि रक्तात उगवले.

दुसऱ्या डॉक्टरनं सुई घातली, ती कोरडीच बाहेर आली. या रोगात असं होतं म्हणे. मग हाडाचा तुकडाच काढावा लागतो, आणि तो काढता येणारे जावयाखेरीज एकच डॉक्टर, ते होते रजेवर. उरला जावई.

"मी कसा हात लावू?" तो भिंतीला म्हणाला.

"नका लावू," मी म्हटलं. "मरेन, पण मर्यादेत मरेन."

त्याच्याशी मी थेट बोललेलं हे पहिलंच वाक्य. टोमणा मारला खरा, पण मला जगायचं होतं हो!

तेवढ्यात बाबिऱ्येची आत्या नान्तेगे पुढे झाली. आमच्या घराण्याची कायदेपंडित. तिनं ट्रेमधली हिरवी चादर उचलून मधल्या भोकातून डोळा लावून बघितलं. मग हातमोजे ताणून बघितले.

"यातून सासू दिसत नाही, नुसतं भोक दिसतं. आणि रबर घातल्यावर शिवलं कुठे? कर तू."

म्हणजे माझा जीव रबराच्या दोन मोज्यांवर येऊन ठेपला होता. जावयानं तुकडा काढला. सुई माझ्या हाडात, आणि विव्हळत होता तो.

रिपोर्ट घेऊन तो स्वतः आला. भिंतीकडे न वळता थेट खाटेशी उभा राहिला.

"आई, केसाळ पेशींचा ल्युकेमियाच आहे. हळू वाढणारा, पानथरी फुगवणारा. औषध बाहेरून मागवावं लागेल, पण ते लागू पडतं."

आणि मोजे न घालताच त्यानं माझ्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला.

"अरे, मोजे!" आत्या किंचाळली.

त्यानं हात काढला नाही. बोटं त्या धोंड्यावरून चाचपत चाचपत खाली सरकली, पार बेंबीपर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

"हे केव्हापासून आहे, आई?"

टोमणा जिभेवर तयार होता. पण त्याचे डोळे भरलेले दिसले. "वर्ष झालं," मी म्हटलं.

"अंगणात बसलो होतो तेव्हाच उठून आत आलो असतो तर..."

"आता आलात ना. राहू दे तो हात," मी म्हटलं, आणि वर्षभर सगळ्यांना हसणारी मी ढसाढसा रडले.