उजव्या हाताची खुर्ची

कानसेनांची मान इतकी वर्षं दुखत होती की ती घरातलीच एक झाली होती. पाहुणे आले की आधी मुलांची चौकशी करत, मग मानेची. मुलं शिकून लांब निघून गेली. मान मात्र आईवडिलांना धरून राहिली.

त्यांचा धंदा पियानो सुरात लावण्याचा. लोकांच्या घरचे, शाळांतले आणि शहरातल्या मोठ्या सभागृहातला. खुंटीला चावी लावायची, तार किंचित ताणायची, कान देऊन ऐकायचं, पुन्हा ताणायची. कानसेन हे नाव त्यातूनच पडलं होतं, आणि ते नको असं ते कधी म्हणाले नव्हते. मान तेवढी सदैव उजवीकडे वळलेली असे, कुणीतरी त्या बाजूने हाक मारल्यासारखी.

उपाय म्हणाल तर सगळे झाले. जाड उशी झाली, पातळ उशी झाली, मधे खड्डा असलेली झाली, शेवटी उशीच नको असंही ठरलं. शेक, मलमं, गळ्याचा पट्टा. पट्टा लावून ते पियानोवर ओणवे झाले की गिऱ्हाइकांना अपघात कुठे झाला ते विचारावंसं वाटे. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मान दाबून पाहिली आणि विचारलं, "घरी काही ताण?"

"छे. घरी मी आणि बायको, दोघंच."

"म्हणजे आहे," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

मग बायकोच्या ताईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि बायको तिकडे राहायला गेली. पहिले काही दिवस कानसेन जळका टोस्ट खात स्वतःची कीव करत होते. एका सकाळी रस्ता ओलांडताना त्यांनी सहज मागे वळून पाहिलं, आणि पलीकडे पोहोचल्यावर लक्षात आलं, की आपण मागे वळून पाहिलं! खात्री करायला त्यांनी पुन्हा पाहिलं. फळवाल्याला वाटलं, आपल्याकडेच बघताहेत. त्याने केळी पुढे केली.

आनंद ओसरल्यावर ते विचार करू लागले. उशी तीच, काम तेच, गादी तीच. घरातून वजा झालेली गोष्ट एकच. कानसेन सज्जन माणूस, त्यांनी काही हा निष्कर्ष काढला नाही. तो आपला आपण निघाला आणि समोर येऊन बसला.

बायको परत आली. जेवणाच्या टेबलाशी आपल्या नेहमीच्या खुर्चीत, म्हणजे त्यांच्या उजव्या हाताला बसून, तिने ताईंचा गुडघा, डॉक्टर आणि शेजारच्या खाटेवरची भांडकुदळ म्हातारी हे सगळं साग्रसंगीत सांगितलं. गोष्टीतल्या म्हातारीला घरी सोडेपर्यंत कानसेनांची मान पुन्हा जागच्या जागी धरली होती.

दोन दिवस त्यांनी कळ काढली. मग म्हणाले, "ताईंना एकटीने जमतंय का गं? आणखी थोडे दिवस जाऊन येतेस?"

बायकोने चमचा खाली ठेवला. "अहो, ताईचा पुळका तुम्हाला कधीपासून? तिच्या लग्नातल्या जेवणाला अजून नावं ठेवता. खरं काय ते बोला."

कानसेनांनी खरं काय ते सांगितलं. शब्द जपून वापरले, पण असल्या गोष्टीला जपून वापरण्यासारखे शब्द फारसे नसतात.

"म्हणजे इतकी वर्षं मी तुमची मानदुखी."

"तसं नाही गं."

"मग कसं?"

ती उठून गेली. तिच्या कपातला चहा तसाच गार झाला. त्या चहाकडे बघताना त्यांना पहिल्यांदा वाटलं, की मान दुखलेली परवडली.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला ती नेहमीच्या जागी बसली. कानसेन पेपरात. उजवीकडून काहीतरी पुटपुटल्यासारखं आलं. मान वळवून "काय?" म्हणायची आज हिंमत नव्हती, म्हणून ते अंदाजाने म्हणाले, "साखर नको."

मग ती कप घेऊन उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्या डाव्या हाताला बसली आणि आणखी हळू आवाजात म्हणाली, "मघाशी मी काय म्हणाले?"

"साखरेचं."

"मी म्हणाले, मी वकिलाकडे चालले."

"अगं, कशाला?"

"ते राहू दे. आत्ता मान न वळवता ऐकलंत. अहो, तुमचा उजवा कान गेलाय. मी त्या बाजूला बसते आणि तुम्ही डावा कान माझ्यापर्यंत आणायला मान पिरगाळत बसता."

"माझा कान?" कानसेन ताडकन उठले. "अख्खं शहर मला..." आणि तिथेच थांबले. फोन डाव्या कानाला लावायची सवय त्यांना बऱ्याच दिवसांपासून होती. उजवा हात मोकळा राहावा म्हणून, असं त्यांनी स्वतःला पटवलं होतं.

ते खाली बसले. "शनिवारी सभागृहाचं काम आहे. एक कान गेलेल्या कानसेनाला कोण बोलावील? कुणाला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू? मला वाटलं होतं तुम्हाला माझं बोलणंच नकोसं झालंय." तिने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच काढला. "गाढव आहात."

हे त्यांना स्वच्छ ऐकू आलं.

शनिवारपर्यंत मान मोकळी झाली. पण सभागृहात पियानोपुढे ताठ मानेने बसल्यावर कळलं, की उजव्या टोकाचे वरचे सूर नीट पोहोचतच नाहीत. पूर्वीसारखी मान वाकडी केली तर भागलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. पण त्यांनी स्टूल उचलून पियानोच्या उजव्या टोकाच्या पलीकडे नेलं, म्हणजे डावा कान तारांकडे झाला, आणि काम सुरू केलं.

संध्याकाळी वाजवणार होत्या त्या पियानोवादक बाई काम संपत आल्यावर वाद्य पाहायला आल्या. "आज तिकडे कुठे बसलात?"

वारा लागतो, असं उत्तर ओठावर तयार होतं. कानसेन म्हणाले, "उजव्या कानाने ऐकू येत नाही."

बाई पियानोशी बसून खालपासून वरपर्यंत बोटं फिरवत गेल्या, वर पोहोचून थांबल्या. "आज बरेचसे बरोबर आहेत."

"आज?"

"बरेच दिवस वरचे सूर चढे असायचे. आम्हाला वाटलं, तुमची नवी पद्धत असेल. एका समीक्षकाने तर त्याला तेजस्वी म्हटलं होतं."

"मग मला बोललात का नाही?"

"तुम्हाला?" बाई हसल्या, आणि मग त्यांचं हसू आपोआप मावळलं. "तुम्हाला कोण सांगणार?"

कानसेनांनी चावी पुसली. ती स्वच्छच होती. मग जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं ते म्हणाले, "बसता का थोडा वेळ? मी वरून पुन्हा धरतो. कुठे खटकलं तर थांबवा."

बाईंनी कोट काढून ठेवला. तिसऱ्याच सुराला म्हणाल्या, "हा किंचित चढा."

"छे, हा तर..." म्हणून कानसेनांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि चावी केसभर मागे फिरवली.