चारशे किलो कीर्तन

चुरमुऱ्याची खेप लागली की ज्ञानू आधी खिसा चाचपायचा. ट्रक त्याचा, चालवणारा तो, हप्ता भरणाराही तोच. पण भाडं ठरायचं टनावर, आणि चुरमुरा म्हणजे वाऱ्याचा सख्खा भाऊ. कोल्हापूरच्या भट्टीवर पोती फाळक्याच्या वर पुरुषभर उंच रचली तरी वजन भरायचं सतराशे किलो. गारगोटीपर्यंत टनाला नऊशे, म्हणजे पंधराशे तीस रुपये. येताना गाडी रिकामी, आणि जाऊन-येऊन डिझेल साडेपंधराशेचं. थोडक्यात काय, तर पदरचे वीस रुपये घालून ज्ञानू गारगोटीकरांना चुरमुरे खाऊ घालत होता. एवढ्या अन्नदानावर दुसऱ्या कुणाचं देऊळ उभं राहिलं असतं.

त्या दिवशी भट्टीच्या दारात कीर्तनकार अंबूबाई उभ्या होत्या. मागं पेटीवाला, मृदंगी आणि दोन टाळकरी. एसटी चुकलेली, आणि दिवेलागणीला बिद्रीत कीर्तन. ज्ञानू मुळात कीर्तनवेडा, टाळ वाजला की ताटावरून उठणारा माणूस. त्यानं बाईंना मानानं केबिनमध्ये बसवलं, बाकीच्यांना पोत्यांवर चढवलं आणि त्याच आनंदात गाडी वजनकाट्यावर घातली. रिकाम्या गाडीचं वजन सकाळीच झालं होतं. भरलेल्या गाडीची पावती त्यानं न बघता खिशात कोंबली आणि वाटभर बाईंच्या मागं नाम घेत बिद्री गाठली.

बिद्रीत चहा घेताना पावती हातात आली. माल एकवीसशे किलो. काट्यानं चारशे किलो कीर्तन चुरमुऱ्यातच धरलं होतं.

आता ही मंडळी इथं उतरली तर गारगोटीत चारशे किलोची घट निघणार. घट पडली की व्यापारी मालाची किंमत गाडीवाल्याकडून कापून घेतो. ती झाली बावीस हजार. ज्ञानूनं भट्टीवर फोन लावला. तिथला कारकून म्हणाला, वजन संगणकात गेलंय, आता ब्रह्मदेव आला तरी मागं येत नाही.

ज्ञानू हात जोडून उभा राहिला. "माई, तुमी उतरलासा तर मी बुडालो."

"आरं, माझं कीर्तन हितं हाय की."

"कीर्तन हितं हाय, पर कागदावर तुमी गारगोटीला हाईसा."

अंबूबाईंनी कपातला शेवटचा घोट घेतला, पदर खोचला आणि पुन्हा केबिनमध्ये चढल्या.

गारगोटीच्या गोदामात सगळं जुळलं. भरलेली गाडी काट्यावर गेली, मग पोती उतरली, मंडळी उतरली, रिकामी गाडी पुन्हा काट्यावर गेली. फरक बरोबर एकवीसशे. पोती मोजायची रीत इथं बंद होती, संगणकाला फक्त किलो कळायचे. गोदामाचा कारकून धैर्यशील पोहोच लिहायला बसला. गप्प राहिला असता तर ज्ञानू सुटला होता. पण इतकी वर्षं कीर्तनं ऐकून त्याच्या जिभेला खोटं पेलेना. त्यानं घडलं ते सांगून टाकलं.

धैर्यशील चिडला नाही, घाबरला. एकवीसशे किलो त्याच्या गोदामात जमा झाले होते. त्यानं आधी फाटक लावून घेतलं.

"पावणं, जमा झालेला माल कागदाबिगार भाईर जात न्हाय."

"आवो, माणसं हाईत ती."

"तुमीच पोच केलीसा न्हवं?"

मंडळी पोत्यांना टेकून बसली. एका टाळकऱ्यानं भुकेनं मूठभर चुरमुरे तोंडात टाकले. धैर्यशील ओरडायला उठला, मग मनाशी काही जुळवलं आणि परत बसला. मालानंच माल खाल्ला, तर एकूण वजन तेवढंच.

बसून काय करायचं, म्हणून अंबूबाई उभ्या राहिल्या आणि पेटीनं सूर धरला. त्या म्हणाल्या, देह म्हणजे घट, कुंभारानं चाकावर घडवलेला. तो फुटला की आतलं आकाश आभाळाला मिळतं. पण ह्या लेकराच्या चाकावरचा घट न्यारा. तो त्याच्याच डोक्यावर फुटतो. हमाल हातातलं काम टाकून जवळ आले. गजराला खुद्द धैर्यशील टाळ्या वाजवत होता, आणि त्या भरातच त्याला सुचलं. माल परत पाठवता येतो. परत मालाला कागद मिळतो, भट्टीवर तो पुन्हा कुणी तोलत नाही, आणि भाडंही मिळतं, टनावरच.

संगणकानं कारण विचारलं. खराब, ओला, किडका.

"आमी किडकं न्हाय," मृदंगी म्हणाला.

"खाली 'इतर' आसंल की," अंबूबाई म्हणाल्या. "लिवा, माल बोलतोय."

दहा वर्षांत पहिल्यांदा ज्ञानूला गारगोटीहून परतीचं भाडं मिळालं. चारशे किलोचे तीनशे साठ, तेही जातानाच्या एकवीसशे किलोच्या अठराशे नव्वदांवर. दिवे लागताना गाडी बिद्रीत शिरली. डिझेल वजा जाता हातात सातशे रुपये राहत होते, आणि ते त्याला चटके देत होते. ते त्यानं अंबूबाईंपुढं धरले. आरतीत घाला म्हणाला, हे खोट्या वजनाचं आहे.

"आमास्नी वाहिलंस का न्हाय?"

"वाहिलं की."

"जाऊन-यीऊन?"

"व्हय."

"मग खोटं कुठलं? चुरमुऱ्यानं तुझं भाडं कवा दिलं न्हाय, ते आमी दिलं. आन् त्या गोदामवाल्यानं आख्खं कीर्तन ऐकलंय. ठेव खिशात."

ज्ञानूनं पैसे खिशात ठेवले आणि घरी बायकोला, चिमणाबाईला, फोन लावला. ह्या खेपेला सातशे राहिले म्हणून सांगितलं.

पलीकडून तिनं आकडा पुन्हा वदवून घेतला. मग चिमणाबाईनं हलक्या आवाजात विचारलं, "गाडी इकलीसा व्हय?"