लाल रेघेच्या दोन बोटं वर

राळेगावहून यवतमाळला जाणारी एसटी तांड्याच्या फाट्यावर थांबली, की उर्वशी अर्ध्या मिनिटात दोन वर्षांनी लहान व्हायची. ही विद्या तिला तिच्या दादीने, म्हणजे मानीबाई राठोडने, घरच्या अंगणात तालीम देऊन शिकवली होती. चपला काढून पिशवीत टाकायच्या, फ्रॉकच्या घेरात गुडघे वाकवायचे, मान खांद्यांत ओढायची आणि डोळे अर्धे मिटून दादीचा पदर धरायचा. कंडक्टरने वय विचारलं की मानीबाई ‘साडेचार’ म्हणायची. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला एसटीत तिकीट नसतं, आणि उर्वशी गेली दोन वर्षं साडेचारावरच मुक्काम ठोकून होती.

“खाकी दिसली का लगेच खाली व्हाचं,” एवढाच मानीबाईचा नियम होता.

मानीबाईला कशाची ददात होती म्हणून हे चाललं होतं, असं कोणी समजू नये. घरी कापूस होता, तूर होती, मुलगा फुलसिंग पांढरकवड्याकडे ट्रक चालवायचा, आणि अख्ख्या तांड्याची ब्लाउजं तिच्याच मशीनवर शिवली जायची. पण बाजारातून कोथिंबिरीच्या जुडीबरोबर चार मिरच्या फुकट आणल्याशिवाय जिचा दिवस गोड होत नाही, अशी ती बाई. एसटीचं अर्धं तिकीट वाचवणं हा तिचा खेळ होता, आणि खेळात हरणं तिला माहीत नव्हतं. कंडक्टर प्रफुल्ल गेल्या दिवाळीपासून या मार्गावर आला, तोही तिच्यापुढे रोज हरायचा.

आता तीच मानीबाई नातीला घेऊन यवतमाळच्या आनंद मेळ्यात निघाली होती, आणि या वेळी तिला नात मोठी हवी होती.

त्याचं असं झालं. मागच्या वर्षी याच मेळ्यात उर्वशीला मोठ्या नावेत बसायचं होतं. ती नाव, दोन्ही टोकांना राक्षसाची तोंडं असलेली, पाळण्यासारखी इकडून तिकडे झुलते आणि वर गेली की माणसं जीव खाऊन ओरडतात. फाटकाजवळ एक लाकडी पट्टी रोवलेली असते. तिच्यावर साडेतीन फुटांवर लाल रेघ. रेघेखालच्या लेकरांना नावेत बंदी. उर्वशी तेव्हा बोटभर कमी पडली. मामेभाऊ सोनू मात्र बसला, उतरला, उलटी केली आणि तरीही तेव्हापासून तिला ‘रेघेखाली’ म्हणूनच हाक मारू लागला. दिवाळीला आला तेव्हा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला, “रेघेखाली, पाणी आण!”

त्या दिवसापासून उर्वशीने वाढण्याचा ध्यास घेतला. ती दाराच्या कडीला लोंबकळली. नको नको म्हणायची ते दूध नाक दाबून प्यायली. शेताच्या धुऱ्यावरच्या तुरीशी तिने शर्यत लावली, त्यात तूर जिंकली, तेव्हा दोन दिवस जेवली नाही. दर रविवारी मानीबाई तिला चौकटीला उभी करून शिलाईच्या टेपाने मापायची आणि खडूने खूण करायची. गेल्या रविवारी खूण साडेतीन फुटांच्या वर दोन बोटं निघाली. मानीबाईच्या टेपाने आजवर कोणाचं ब्लाउज काखेत उसवलं नव्हतं, त्यामुळे त्या दोन बोटांवर घरात सगळ्यांचा विश्वास होता. उर्वशी त्या रात्री झोपली ती हसतच झोपली.

मेळ्याचा शेवटचा दिवस होता. दोघी मैदानात पोचल्या तेव्हा उन्हं कलायला लागली होती, एका बाजूने तंबू उतरवून ट्रकात भरणं सुरू होतं, आणि नावेपाशी भोंग्यावर माणूस बोंबलत होता, “आखरी फेरा! आखरी फेरा! पाच बजे करंट बंद!”

मानीबाईने पदर खोचला, उर्वशीला काखोटीला मारलं आणि गर्दीतून वाट काढत फाटक गाठलं. रांगेत त्यांचा नंबर लागला तेव्हा उर्वशी आनंदाने नुसती उड्या मारत होती. झुलेवाला पुढे आला. त्याने तिला खांद्याला धरून पट्टीला टेकवलं, तिच्या डोक्यावर तळहात आडवा ठेवला आणि मान हलवली.

“नहीं चलेगा. छोटी है.”

मानीबाईने पाहिलं. पोरीचं डोकं रेघेच्या चांगलं चार बोटं खाली होतं.

“तुयी पट्टी खोटी हाय!” ती कडाडली.

“अम्मा, सुबह से दो सौ बच्चे नापे हैं.”

“दोनशेच्या दोनशे खोटे मापले मंग!” असं म्हणत तिने पिशवीतून टेप काढला, एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबलं, दुसरं पट्टीवर ताणलं आणि डोळे बारीक करून पाहिलं. रेघ बरोबर साडेतीन फुटांवर होती. दोऱ्याएवढाही फरक नव्हता. मानीबाईला घामच फुटला. आठ दिवसांत पोट्टी आटली की काय?

मग तिची नजर खाली गेली. उर्वशीच्या फ्रॉकचा घेर जमिनीला टेकला होता. हा फ्रॉक तिने स्वतः शिवलेला, आणि तो पोटरीपर्यंतच यायचा हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने घेर जरासा उचलला. आत दोन गुडघे वाकून बसले होते. मान खांद्यांत गेली होती, डोळे अर्धे मिटले होते, आणि चपला, देवा रे, चपलासुद्धा काढून शेजारी ठेवल्या होत्या.

“सीधी उभी राह्य नं वं!”

“दादी,” उर्वशी ओठ न हलवता कुजबुजली, “खाकी.”

झुलेवाल्याच्या अंगात खाकी शर्ट होता.

मानीबाई तिच्या कानाशी वाकली. “अवं बाई, हा कंडक्टर नाई. झुलेवाला हाय. याच्यासमोर मोठंच व्हा लागते. हो बरं मोठी.”

उर्वशीने एक डोळा उघडून त्या माणसाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याच्याजवळ तिकिटाचं मशीन नव्हतं. तिला पटलं. ती हळूहळू वर येऊ लागली. फ्रॉकचा घेर जमिनीवरून सुटला, घोटे दिसले, पोटऱ्या दिसल्या, मान खांद्यांतून बाहेर आली आणि डोकं रेघेकडे सरकलं. झुलेवाला तोंड वासून पाहत राहिला. आता बोटभरच राहिलं होतं.

“काय मावशी? मेळा पाहाले आल्या का?”

मागून आवाज आला आणि उर्वशी धपकन खाली गेली. इतकी खाली ती एसटीतही कधी गेली नव्हती. साडेचाराहून थेट साडेतीनावर पोचली असेल.

रांगेत दोन माणसं सोडून कंडक्टर प्रफुल्ल उभा होता. आज त्याची सुट्टी. अंगात लाल टी-शर्ट, हातात शेंगदाण्याचा पुडा आणि बोटाला त्याचा मुलगा अंकुर.

“ये बच्ची ऊपर-नीचे कैसे होती है?” झुलेवाल्याने घाबरून विचारलं.

लोक हसायला लागले. मागून कोणीतरी ओरडलं, “ओ बाई, चढा नाहीतर बाजूले व्हा!” भोंग्यावरचा माणूस आखरी फेऱ्याची आठवण देतच होता. मानीबाईला घाई झाली.

“प्रफुल्ल, बाबू, मले जराक पाणी आणून दे नं. बम तहान लागली.”

“कसा जाऊ जी? अंकुरचा नंबर जाईन.”

“मंग तिकळे पाह्य. तो पाह्य, तिकळे हत्ती हाय.”

प्रफुल्लने इमानदारीत मान वळवली. “कोठी हाय हत्ती?” म्हणून परत या बाजूला पाहिलं. उर्वशी डोळ्याच्या फटीतून हे सगळं बघत होती. ती तसूभरही हलली नाही. शिकवलेलं ती इतकं चोख करत होती की दुसऱ्या कोणत्याही दिवशी मानीबाईने तिची दृष्ट काढली असती.

नावेतल्या जागा भरत आल्या. मागच्या टोकाला दोन आणि पुढच्या टोकाला तेवढ्याच उरल्या. उर्वशीला त्या दिसल्या. तिने एक पाय नावेकडे सरकवला, तरी गुडघे वाकलेलेच. तिने दादीच्या पदराला हिसका दिला आणि अगदी खरोखर, काय ते एकदा सांगून टाक अशा सुरात विचारलं,

“दादी, मी किती वर्षांची होऊ?”

मानीबाईने तिच्या वाकलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं. वर्षभर ही पोर कडीला लोंबकळली, नाक दाबून दूध प्यायली, तुरीवर रुसली. तिचं एक-एक बोट आपण खडूने लिहून ठेवलं. आणि फाट्यावर बस आली की तीच बोटं आपणच तिच्या अंगातून काढून घेत आलो. तीही देत आली, आपण खुश व्हावं म्हणून. मानीबाईला आपली लाज वाटली, आणि असली लाज वाटायची तिला सवय नव्हती, त्यामुळे ती सगळी एकदमच चेहऱ्यावर आली. समोर प्रफुल्ल होता. रांगेत कळंबच्या दोन ओळखीच्या बायका होत्या, त्यांच्याकडून गोष्ट सोमवारच्या आत तांड्यात पोचणार हे नक्की होतं. तिने पदर पुन्हा खोचला.

“साडेसहा!” ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या पाळण्यातलं एक मूल रडायचं थांबलं. “साडेसहा वर्षांची हाय तू! सरकारी दाखल्यावर साडेसहा, मास्तरच्या रजिष्टरात साडेसहा, अन या कंडक्टरच्या समोर साडेसहा! दोन वर्षं झाली, मीच खोटी बोलून राह्यली. आता उठ, माय. सारीच्या सारी उठ.”

मग उर्वशीने प्रफुल्लकडे पाहिलं.

प्रफुल्लने शेंगदाणे गालात सारले. “मले काय मालूम नव्हतं का? साडेचार वर्षांची पोट्टी ‘खिडकीतून हात बाहेर काढू नये’ खडाखडा वाचते अन मले म्हणते, काका, तुमच्या पाटीत काना राह्यला.”

“मंग बोलला काहून नाई रे?”

“घरचे जे वय सांगते त्यावर चालतो जी आम्ही. दर वेळी विचारत होतो, म्हटलं एखाद दिवशी तरी पोट्टी पाच वर्षांची होईन. आता उद्यापासून अर्धं तिकीट.”

“घेजो,” मानीबाई म्हणाली. “अन वय मोठ्यानं विचारजो. साऱ्या बसीले ऐकू गेलं पाह्यजे.”

उर्वशी उठली. सावकाश नाही, एकदमच उठली, आणि टाचा जमिनीला घट्ट टेकवून, हनुवटी वर करून पट्टीला पाठ लावली. झुलेवाल्याने तळहात ठेवला. हात रेघेच्या वर होता. मानीबाईने मध्ये बोटं घालून पाहिली, बरोबर दोन. कळंबच्या बायकांनी टाळ्या पिटल्या, अंकुरने शिट्टी मारायचा प्रयत्न केला आणि त्याच्या तोंडातून नुसता शेंगदाणा उडाला.

“चलो, बैठो,” झुलेवाला म्हणाला आणि त्याने मानीबाईचाही दंड धरला. “आप भी. इतना छोटा बच्चा अकेला नहीं बैठता. बड़ा आदमी साथ में चाहिए.”

“मी?” मानीबाईचे डोळे पांढरे झाले. “मले बसीतच चक्कर येते बावा! प्रफुल्लले बसव!”

“मी अंकुरसंग बसून राह्यलो जी,” प्रफुल्ल केव्हाच नावेत चढून बसला होता.

उर्वशी नुसती दादीकडे पाहत राहिली. त्या नजरेपुढे मानीबाईचं काही चाललं नाही. ती साडी सावरत, कळंबच्या चिंतामणीचं नाव घेत, चारपैकी दोन पायऱ्या गुडघ्यांवर चढत नावेच्या अगदी टोकाच्या बाकावर जाऊन बसली. झुलेवाल्याने लोखंडी दांडा खाली पाडला. भोंगा वाजला आणि नाव हलली.

पहिला झोका बरा होता. दुसऱ्याला मानीबाईचं पोट खालीच राहिलं आणि बाकीची मानीबाई वर गेली. तिसऱ्याला तिला मैदान दिसलं, ट्रक दिसले, घरांची छपरं दिसली, आणि तिने आपल्या आईला हाक मारली, “याडी गं!” समोरच्या टोकाला प्रफुल्ल देवाधर्माचं सगळं आठवून मोठ्याने म्हणत होता आणि अंकुर त्याचा कान धरून हसत होता.

नाव पार टोकाला चढली, क्षणभर आभाळात अडकल्यासारखी थांबली, आणि उर्वशीने दांड्यावरचे दोन्ही हात सोडून वर केले.

“मी साडेसहाची हावो!” ती ओरडली.

मानीबाईचा हात तिच्या तोंडावर जायला निघाला. दोन वर्षांची सवय होती ती. पण दांडा सोडायची काही तिची छाती होईना, दहाच्या दहा बोटं त्याला चिकटून बसली होती. नाव खाली कोसळली, पोट पुन्हा मागे राहिलं, आणि दुसऱ्या टोकाला जाऊन परत वर येताना उर्वशी आणखी मोठ्याने, एसटी स्टँडच्या दिशेला तोंड करून ओरडली,

“साडेसहाची! मी साडेसहाची हावो!”

खालच्या गर्दीतून कोणीतरी हसत ओरडलं, “किती वर्षांची?”

आणि मानीबाईला काय झालं कोण जाणे. तिचे डोळे गच्च मिटलेले, केस सुटलेले, पदर पुढच्या बाकावरच्या माणसाच्या तोंडावर. तिने छाती भरून श्वास घेतला आणि सगळ्या यवतमाळला ऐकू जाईल असं सांगून टाकलं,

“साडेसहाची हाय माही नात! अन अजून वाढून राह्यली!”