आखूड दांडी आणि तिसरं कडवं

आधारनानांच्या धुळ्यातल्या दुकानात त्या रविवारी जे भांडण पेटलं, ते रेकॉर्डप्लेअरची सुई धरणाऱ्या एका ॲल्युमिनियमच्या दांडीवरून. नाना म्हणजे पन्नास वर्षं लाऊडस्पीकर आणि रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करणारा माणूस. आणि त्यांच्यासमोर स्वतः बनवलेला प्लेअर मांडून, कमरेवर हात ठेवून उभी प्राची, समोरच्या गल्लीतली, दहावीची. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही हिचा आवाज फुटत नसे. विज्ञान प्रदर्शनात एकदा माईक हातात आला आणि कुठलं झाकण उडालं कोण जाणे! आता ती सरांनासुद्धा "थांबा, माझं संपू द्या" म्हणते.

"याला आर्म म्हणायचं?" नानांनी चष्मा कपाळावर सरकवला. "रेडिओची अँटेना आहे ही. ना बाक, ना लांबी. सुई मधल्या खिळ्यापर्यंत पोचतसुद्धा नाही. हात आखूड पडला पोरी तुझा."

"आखूडच हवा, नाना! बारा मिलिमीटर कमी, मुद्दाम."

"मुद्दाम चुकते म्हणे!"

स्टुलावर नानांची थोरली बहीण, पुष्पाअक्का, कापडात गुंडाळलेली तबकडी मांडीवर घेऊन बसली होती. सकाळच्या एसटीने शिंदखेड्याहून आलेली. सतराव्या वर्षी अक्काने मुंबईला जाऊन एक अहिराणी लग्नगीत रेकॉर्ड केलं होतं. दोन कडवी पाठ होती. वेळ उरला म्हणून तिसरं तिने उभ्या उभ्या रचलं. तेव्हा तिथली माणसं, अगदी काचेमागे बसलेले रेकॉर्डिंगचे साहेबही, खदखदून हसली, एवढं आठवतं. शब्द मात्र साफ गेले. आणि घरात उरलेल्या या एकाच तबकडीवर सुई तिसऱ्या कडव्याला आली, की सर्रकन आत घसरते.

"असं काय व्हतं त्यामा, का बठ्ठा हासनात?" अक्का म्हणाली. "माले ऐकनं शे."

"ऐकशील. पण हिच्या अँटेनावर नाही," नाना म्हणाले. "एकदा तबकडीवरची खाच फाटली की कडवं कायमचं गेलं."

"तुमच्या आर्मवर तरी कुठे वाजतंय?" प्राची म्हणाली.

नानांनी तबकडीच्या कापडावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाले, "लग्नात हीच तबकडी लावायचो, तेव्हा नाचणाऱ्यांच्या पायांनी जमीन हादरायची. सुई उडू नये म्हणून मी आर्मच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवायचो. सगळेच चिकटवायचे. त्या वजनाने खाचेची आतली भिंत खरवडली गेली. माझ्याच हाताने, अक्का."

"माहित शे माले," अक्का म्हणाली. "म्हनीसन तर तुन्हाकडे आणी."

प्राचीला एवढंच हवं होतं. तिने प्लास्टिकची गोल, गुळगुळीत चकती नानांच्या प्लेअरवर ठेवली. तिला खाचा नव्हत्याच. "सोडा सुई."

चकती फिरली. वाकड्या आर्मची सुई सुळकन मधल्या खिळ्याकडे पळाली.

"बघा! बाक असला की आर्म सतत आत ओढला जातो. झिजलेल्या भिंतीवरच रेलतो."

"त्याला मी दोऱ्याने उलटं वजन लावून पाहिलं. तरी घसरली."

"आता माझी." तिने चकती आपल्या प्लेअरवर ठेवली आणि सुई अगदी आतल्या भागात टेकवली. सुई थबकली आणि हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकू लागली.

नाना वाकले. चष्मा खाली आला. "परत कर."

तिने परत केलं. सुई परत बाहेर.

"म्हणजे शेवटच्या कडव्याला ही बाहेरच्या भिंतीवर रेलणार," नाना पुटपुटले. "ती भिंत शाबूत असेल. पण पोरी, बाक हौसेने देत नाहीत. सरळ दांडीची सुई शेवटी खाचेत तिरकी बसते. 'स'चे आवाज सगळे फाटतील बघ."

"फाटू देत! असतील तरी."

हे थोडं जास्त झालं असं तिला वाटलं. नानांनी बहिणीकडे पाहिलं. अक्काने कापड सोडलं आणि तबकडी पुढे केली. प्राचीकडे.

प्राचीच्या प्लेअरवर पहिलं कडवं वाजून गेलं. दुसरं गेलं. अक्काचे ओठ हलत होते, मग थांबले. नानांनी डोळे मिटून घेतले. सुई त्या जागेवर आली, किंचित थरकली, आणि पुढे चालू लागली.

एक कोवळा, उर्मट आवाज दुकानात घुसला:

"काचनामांगे बठना दादा, मान नुसती हाले,
गाणं सरनं, घसा सुकना, चहा तरी दे माले!"

आणि लगेच मागे कुणाच्या तरी हसण्याचा फुटका आवाज. तोही रेकॉर्ड झाला होता!

"चहा मांगा मी!" अक्का ओरडली. "त्या साहेबले! गाण्यामा!" ती इतकी हसली की नानांनी स्टूल धरलं.

"'स' फाटले," हसू आवरत नाना म्हणाले. "'घसा' ऐकला का? 'घशा' झाला त्याचा."

"पण सुई घसरली का?" प्राची म्हणाली.

"नाही घसरली. दांडी एकदम सरळ नको, जरासा बाक दे."

"मग ती परत आत ओढेल!"

"थोडा गं! तीन अंश."

"एक."

"चूप बसा दोन्ही!" अक्काने पदर सावरला, खाकरली, आणि सतरा वर्षांची असल्यासारखी मान वर करून जागच्या जागी सुरू झाली:

"नानानी दांडी वाकडी, पोरनी सरळसोट,
भांडीसन दोन्ही थकनात, रिकामं राह्यनं पोट!"